हॅम म्हणजे डुकराची मांडीच

मराठी भाषेच्या इतिहासाचं पुस्तक उघडलं की सुरुवातीच्या पानांत बहुतेक वेळा ‘मानसोल्लास’ भेटतो. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातल्या तिसऱ्या सोमेश्वर राजाने ११२९च्या सुमारास रचलेला हा संस्कृत ग्रंथ. महाराष्ट्रातल्या बायका कांडण करताना ओव्या गातात, अशी नोंद त्यात आहे. आपली ओवी किती जुनी हे सांगायचं असलं की सगळे तिचाच हवाला देतात.

याच ग्रंथात ‘अन्नभोग’ नावाचा भाग आहे. राजाने काय खावं आणि ते कसं शिजवावं, हे त्यात सांगितलंय. इडलीची पणजी शोभेल अशी ‘इड्डरिका’ तिथे सापडते, म्हणून खाण्यावर लिहिणारे लोक तो भाग आवर्जून दाखवतात. तिथेच डुकराची कृतीही आहे, ती फारसं कुणी दाखवत नाही. डुकरावर पांढरं कापड टाकायचं, वरून उकळतं पाणी ओतायचं, केस सुटे झाले की उपटून काढायचे. किंवा अंगाला माती लावून गवताच्या जाळावर केस जाळायचे. मग धुऊन, भाजून, तुकडे करून मीठ-मसाला लावायचा. राजाच्या ताटातला पदार्थ आहे हा.

कल्याणी म्हणजे आजचं बसवकल्याण. उमरग्यावरून हैदराबादच्या रस्त्याला लागलं की पुढे येतं. आपला मराठवाडा तेव्हा याच राजांच्या ताब्यात होता. म्हणजे नऊशे वर्षांपूर्वी आमच्या मुलखाच्या राजाला डुक्कर चालत होतं. मी जवळा बाजारात शाळेत जायला लागले, तोवर त्याची शिवी झालेली होती. ती शिवी कुणाला द्यायची, हेही ठरलेलं होतं.

आम्ही कैकाडी. परभणीहून औंढा नागनाथकडे जाताना जवळा बाजार लागतं. नावातच बाजार आहे, त्यामुळे टोपल्या, डालगी, कणग्या विकायला आमच्या माणसांना गाव बरं पडलं. तुराट्यांच्या आणि फोकाच्या टोपल्या विणायच्या, गाढवं बाळगायची, डुकरं पाळायची. घरात बोलतो ती भाषा मराठी नाही. ती तमिळच्या घराण्यातली. तमिळमध्ये डुकराला ‘पन्री’, तेलुगूत ‘पंदि’, कन्नडमध्ये ‘हंदि’ म्हणतात. आमच्या भाषेतला शब्द तुम्हाला आधीच माहीत आहे. नागराज मंजुळेने २०१३ साली त्याच नावाचा सिनेमा केला: ‘फॅण्ड्री’. तो बघून लोक शेवटच्या दगडाबद्दल बोलतात. मी मात्र जब्याच्या बापाकडे बघत होते. गावाच्या सणात डुक्कर आडवं येऊ नये म्हणून ते पकडायचं काम त्याच्याकडे येतं आणि पकडताना हसायला अख्खा गाव जमतो.

जाता जाता आणखी एक गंमत, हसू येईल अशी नाही. विदर्भाच्या बहुतेक जिल्ह्यांत कैकाडी अनुसूचित जातीत मोडतात, इकडे विमुक्त जातीत. हिंगोलीतून पैनगंगा ओलांडून वाशीम-यवतमाळकडे गेलं की तीच माणसं दुसऱ्या यादीत जातात. विमुक्त कशातून, तर इंग्रजांच्या गुन्हेगार जमाती कायद्यातून. तो आला १८७१ला, सगळ्या ब्रिटिश मुलखात पसरला १९११ला आणि रद्द झाला १९५२ला.

आता हॅमकडे येते. माझा आत्येभाऊ हॉटेल मॅनेजमेंट करून पुण्यातल्या एका मोठ्या हॉटेलच्या किचनमध्ये लागला. नाताळाच्या आठवड्यात त्याच्याकडे एकच काम असतं: हॅम भाजणं. पहिल्या वर्षी त्याने मला व्हिडिओ पाठवला. मीठ लावून मुरवलेली, उकडलेली डुकराची अख्खी मागची मांडी. वरची कातडी सोलून काढायची, पण खालचा चरबीचा पांढरा थर ठेवायचा. त्या थरावर सुरीने तिरक्या रेघा मारायच्या, शंकरपाळे पाडल्यासारख्या. जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे एकेक लवंग खोचायची. मग ब्राऊन शुगर, मोहरीची पेस्ट आणि संत्र्याचा रस आटवून तो पाक ब्रशने वरून लावायचा. हा पाक शेवटच्या अर्ध्या तासातच लावायचा, कारण आधी लावला तर साखर जळून कडू होते. ओव्हनमधून बाहेर येतं ते तांब्याच्या नव्या हंड्यासारखं चकाकत असतं. यालाच ग्लेझ म्हणतात.

व्हिडिओखाली त्याने लिहिलं होतं, ‘ओळख बघू काय आहे?’

मी ओळखलं. पण मला प्रश्न पडला तो वेगळाच. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या डुक्कर होतं, मग आमच्याकडे हॅम का झाला नाही? शहरातली माणसं याचं उत्तर मनातल्या मनात देऊन मोकळी होतात: यांना कुठे काय येतंय, जाळायचं, कापायचं, तिखटात टाकायचं. मी तेव्हापासून हॅमबद्दल मिळेल ते वाचत गेले. उत्तर निघालं ते हवेत.

हॅमची आज हाताशी असलेली फार जुनी कृती रोमन आहे. इसवी सनापूर्वी १६०च्या सुमारास काटो नावाच्या जमीनदाराने शेतीवर पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटी ती येते. मोठ्या रांजणात तळाला मीठ पसरायचं, मांडी कातडीची बाजू खाली करून ठेवायची, वर मीठ, परत मांडी, परत मीठ. पाच दिवसांनी सगळ्या काढून वरच्या खाली, खालच्या वर. बाराव्या दिवशी बाहेर काढून मीठ झाडायचं, दोन दिवस वाऱ्यावर टांगायच्या, मग तेल चोळून दोन दिवस धुरात. शेवटी तेल आणि व्हिनेगर. बाईने लोणच्याची कृती सांगावी तसं रोखठोक लिहिलंय त्याने.

यात न लिहिलेली एक गोष्ट आहे, थंडी. मीठ मांसात हळूहळू उतरतं. जाडीच्या दर इंचाला साधारण आठवडा, असा जुन्या खाटकांचा हिशोब. मांडीत मधोमध हाड असतं आणि सडायला सुरुवात तिथूनच होते. मीठ हाडापर्यंत पोचेस्तोवर मांस टिकायला हवं, म्हणजे हवा आपल्या फ्रिजच्या आतल्यासारखी गार हवी, तीही आठवडेच्या आठवडे. युरोपात नोव्हेंबर उजाडला की ती फुकट मिळते. शिवाय हिवाळ्यात जनावरांना चारा नसतो, म्हणून शरदात खाऊन माजलेलं डुक्कर नोव्हेंबरात कापायचं. तिथून महिना-दीड महिना मोजा. मांडी मुरून तयार होते ती नाताळाला. येशूच्या जन्माशी डुकराचा संबंध एवढाच. येशू तर ज्यू घरात जन्मला होता, जिथे डुक्कर निषिद्ध.

स्पेनमध्ये मात्र या मांडीला पुढे भलतंच काम लागलं. पंधराव्या शतकाअखेर तिथे इन्क्विझिशन बसलं, ज्यू आणि मुसलमानांना बाटवलं गेलं. बाटलेला माणूस मनातून जुनाच राहिलाय का, हे शोधायच्या ज्या खुणा होत्या त्यांत एक ही, की हा डुक्कर खायचं टाळतो का. खाण्यावरून माणूस ओळखायचा खेळ फक्त आपल्याकडेच चालतो असं नाही. तिकडे न खाणारा संशयित, इकडे खाणारा.

मराठवाड्यात ही मांडी मिठात ठेवून बघा. जानेवारीतही दुपारी ऊन चटकतं, मे महिन्यात पारा बेचाळीसच्या पुढे जातो. चौथ्या दिवशी वास सुटेल. म्हणून इथल्या लोकांनी उलटा मार्ग धरला. मांस जाड ठेवायचंच नाही. लांब, पातळ पट्ट्या काढायच्या आणि दोरीवर टाकून कडक उन्हात वाळवायच्या. या चान्या. पट्टी पातळ असल्याने पाणी सडण्याच्या आत उडून जातं. युरोपाकडे थंडी फुकट होती, आमच्याकडे ऊन. दोन्हीकडे शास्त्र एकच: मांसातलं पाणी जंतूंच्या हाती लागू द्यायचं नाही. चान्या मुख्यतः मोठ्या जनावराच्या, महार-मांग वस्त्यांमधल्या. शाहू पाटोळे यांनी २०१५ साली ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ लिहून मराठवाड्यातल्या या स्वयंपाकघरांची दारं उघडली. नेमकं त्याच वर्षी राज्यात बैल आणि वळू कापायलाही बंदी आली.

गोव्याने तिसरीच वाट काढली. तिथे थंडी नाही आणि ऊन असलं तरी हवेत दमट. पोर्तुगीज डुक्कर आणि सॉसेजची कल्पना घेऊन आले. गोव्याने त्यात माडाच्या ताडीचं व्हिनेगर आणि लाल मिरची घातली, छोटे तुकडे आतड्यात भरले आणि चुलीवरच्या धुरात टांगले. तो चोरीस. नाताळाला तिथे आणि इकडे वसई-मुंबईतल्या मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरांत सोरपोतेल शिजतं, तेही आंबट-तिखट आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त चवदार. म्हणजे ज्यांना नाताळ होता आणि डुक्करही होतं, त्यांनीही अख्ख्या मांडीच्या नादी न लागता हवेशी जुळवून घेतलं.

आणि आम्ही? आमच्याकडे डुक्कर टिकवायची रीत म्हणजे ते जिवंत ठेवणं. लग्न असलं, देवीचं कार्य असलं, की त्या दिवशी कापायचं आणि त्याच दिवशी वाटे घालायचे. तुराट्यांचा जाळ करून केस जाळायचे, कातडी खरवडून धुवायची, मग तुकडे. कुणाच्या घरात किती माणसं ते बघून वाटा. संध्याकाळपर्यंत एक तुकडा उरायचा नाही. टिकवता येत नाही म्हणून वाटावं लागतं, आणि आज मी दिलेला वाटा पुढच्या महिन्यात तुझ्या घरून माझ्याकडे परत येतो. आमचा फ्रिज शेजाऱ्याच्या पोटात होता, असं आजोबा म्हणायचे.

केस जाळण्यावरून आठवलं. विल्यम कॉबेट नावाचा इंग्रज पत्रकार होता, शेतकऱ्याचा मुलगा. त्याने १८२०च्या दशकाच्या सुरुवातीला गरीब इंग्रज घरांसाठी संसाराचं पुस्तक लिहिलं. त्यात बेकनसाठी डुकराचे केस काढायच्या दोन रीती येतात, उकळत्या पाण्याने किंवा पेंढ्याच्या जाळाने. कॉबेटच्या मते जाळाची रीत कितीतरी सरस. वाचताना मला हसूच फुटलं. मानसोल्लासात त्याच दोन रीती, कॉबेटकडे त्याच, आणि आमच्या वस्तीत त्यातली एक. तीन जागी एकच जाळ. फक्त आमच्या जाळाचा धूर आला की गाव नाकाला पदर लावायचं.

इंग्रजांच्या हॅममध्ये हिंदुस्थानही मुरलेला आहे, ही गोष्ट फार कमी लोकांना ठाऊक असते. हॅम गुलाबी दिसतो तो नुसत्या मिठाने नाही. मिठात थोडा सोरा घालावा लागतो, त्याने मांसाचा रंग टिकतो. आता त्याऐवजी सोडियम नायट्राइट वापरतात. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात इंग्लंडला सोरा जायचा तो मुख्यतः बिहारमधून. तिथली नोनिया जात गावातल्या जुन्या भिंतींकडची, गोठ्यांजवळची खारट माती खरवडून, भिजवून, उकळून तो काढायची. कंपनीला तो हवा होता बंदुकीच्या दारूसाठी, त्यातला थोडा खाटकांकडे जायचा. नाताळाच्या ताटातला तो गुलाबी रंग आपल्याकडच्या एका खालच्या मानलेल्या जातीच्या मेहनतीचा.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर विल्टशायरमधल्या काल्न गावच्या हॅरिस कुटुंबाने बर्फाचे कोठार वापरून उन्हाळ्यातही मांस मुरवायला सुरुवात केली आणि हॅम हंगामाच्या बंधनातून सुटला. मग तो डब्यांत शिरून जहाजांवर चढला. आमच्याकडून तासाभराच्या वाटेवरचं हिंगोली तेव्हा लष्करी ठाणं होतं. निजामाच्या पैशावर पोसलेल्या आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखालच्या हैदराबाद कंटिन्जंटची छावणी तिथे १९०३पर्यंत होती. त्या काळातला साहेब दक्षिणेत कुठेही असो, बाजारातलं डुक्कर खायला भ्यायचा आणि विलायती डबा उघडायचा. मद्रासच्या फौजेतला कर्नल केनी-हर्बर्ट यावर चिडायचा. ‘वायव्हर्न’ या नावाने त्याने १८७८मध्ये पाककृतींचं पुस्तक काढलं आणि ताजं सोडून डब्यातलं खाणाऱ्या आपल्याच लोकांची त्यात हजेरी घेतली.

साहेबाची भीती मात्र अगदी खोटी नव्हती. उघड्यावर शौचाला जाणारं गाव आणि मोकाट डुक्कर, यांच्यात एक कृमी फिरतो. माणसाच्या विष्ठेतून त्याची अंडी डुकराच्या पोटात जातात, मांसात त्यांच्या गाठी होतात आणि कच्चं राहिलेलं मांस खाल्लं की कृमी परत माणसात. अंडी हातावाटे, न धुतलेल्या भाजीवाटे सरळ माणसाच्या पोटात गेली तर गाठी मेंदूत होऊ शकतात आणि फेफरं येतं. यात जन्मभर शाकाहारी असलेला माणूसही सापडतो. नीट बघा, सुरुवात माणसापासून आहे. डुकराला रोग गावाने दिला, आणि गावाची घाण खाऊन वस्ती साफ ठेवल्याबद्दल घाणेरडं ठरलं ते डुक्कर. आणि ते पाळणारे.

स्वतंत्र भारताच्या सरकारने यावर उपाय शोधला तो कारखान्याचा. दुसऱ्या-तिसऱ्या पंचवार्षिक योजनांच्या काळात देशात काही ठिकाणी सरकारी बेकन फॅक्टऱ्या निघाल्या, अलिगढ, हरिणघाटा, गन्नवरम आणि आपल्याकडे मुंबईत बोरिवलीला. ‘मॅफको’चे हॅम, बेकन, सॉसेज मुंबईच्या जुन्या माणसांना अजून आठवतात. या योजनेसाठी परदेशातून लार्ज व्हाइट यॉर्कशायर जातीची डुकरं आणली. पांढरी, गुलाबी कातडीची, बंदिस्त गोठ्यात तयार खाद्य खाणारी. आपलं काळं, मोकाट, गावठी डुक्कर ‘सुधारायचं’ होतं. मला यात सरकारचा वाईट हेतू दिसत नाही, डुकराचं वजन वाढावं हाच उद्देश. पण पांढरं डुक्कर आलं आणि त्याला शेड, डॉक्टर, कर्ज, अनुदान मिळालं. काळ्या डुकराला आणि त्याच्या मालकाला काहीच नाही. आज वराहपालनाची जाहिरात बघा, फोटो पांढऱ्याचाच असतो. शब्दसुद्धा बदलला आहे. आम्ही डुकरं पाळायचो, ते ‘वराहपालन’ करतात. वराह म्हटलं की विष्णूचा अवतार आठवतो.

पुढे २०००पासून गाडगेबाबांच्या नावाचं ग्रामस्वच्छता अभियान आलं, मग हागणदारीमुक्तीच्या पाट्या, मग घरोघर संडास. चांगलंच झालं. अंधारात रस्त्याकडेला बसावं लागणाऱ्या बाईला विचारा किती चांगलं झालं ते. पण मोकाट डुकराचं खाणं संपलं आणि ग्रामपंचायतींनी डुकरं हटवायच्या नोटिसा काढल्या. माझ्या आजोबांनी सगळी डुकरं एका दिवसात विकून टाकली. त्यांना कुणी शेडची योजना सांगायला आलं नाही. टोपल्या तोवर प्लास्टिकच्या घमेल्यांनी खाल्ल्या होत्याच.

त्यांचा नातू पुण्यात वर्षाला शेकडो किलो हॅम भाजतो.

दोन वर्षांपूर्वी त्याने एका हॅमचा फोटो स्टेटसला ठेवला. चकचकीत, लवंगांनी नटलेला, शेजारी लाल रिबन. वर इंग्रजी नाव. आमच्या शाळेतल्या पोरांचे बदाम आले, ‘एक नंबर शेफ’ आले. एकाने ‘भावा, पुण्याला आलो की खाऊ घाल’ लिहिलं. हाच पोरगा सातवीत माझ्या भावाच्या डब्याजवळ बसायचा नाही. मी त्याला म्हटलं, खाली मराठीत लिही ना, डुकराची मांडी. त्याने लिहिलं नाही. म्हणाला, “मला माहितीये पुढं काय होईल. नोकरी करू दे.” मी त्याला भित्रा म्हणणार नाही. गावाकडे त्याने आजवर एवढंच सांगितलंय की तो बेकरी सेक्शनला आहे.

एका गोष्टीत मात्र त्याने स्वतःचं चालवलं. मागच्या डिसेंबरात ब्राऊन शुगर कमी पडली म्हणून त्याने पाकात गूळ घातला, मोठ्या शेफला चव आवडली आणि आता तीच कृती पक्की झाली. गुळाचा पाक लवकर करपतो, म्हणून तो ओव्हन थोडा मंद ठेवतो आणि पाक एकदम न लावता तीनदा लावतो.

आत्याला त्याने या वर्षीच खरं सांगितलं. मी तिथेच होते, फोन स्पीकरवर होता. हॅम म्हणजे काय, ते मिठाच्या पाण्यात कसं मुरवतात, कसं उकडतात, पाक कसा लावतात, सगळं तिने नीट ऐकून घेतलं. रडणार की ओरडणार याचा आम्हाला अंदाज येईना. मग तिने विचारलं, “आन् केसं कशावर जाळतेत? तुराट्यावर का पाचटावर?”

“जाळत नाहीत गं. कंपनीतून साफ होऊनच येतंय.”

“मंग त्याला चव काय येत आसंल,” आत्या म्हणाली आणि भाकरी उलटायला चुलीकडे वळली.